गळाला लागलेला प्रश्न

नीतिशास्त्रांतील प्रश्न वर्गांत शिकविणें ही आमची उपजीविका असल्यामुळें ते प्रश्न आमच्या पाठोपाठ घरापर्यंत सहसा येत नाहींत. हलवायाला जशी जिलबीची ओढ उरत नाहीं, तशीच आमचीही स्थिति आहे. कांट काय म्हणाला आणि बेंथॅम काय म्हणाला हें तीस वर्षें फळ्यावर लिहून लिहून आमचें मन त्या बाबतींत इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, त्यावर एखादा प्रश्न टेंकून राहील अशी आशा आम्हांसही नव्हती. परंतु गेल्या वैशाखांत वरळीच्या समुद्रांत असा एक प्रश्न आमच्या गळाला लागला, कीं तो अद्याप सुटला नाहीं. वाचकांपुढें तो मांडला असतां तो सुटेलच असें नाहीं. पण त्याचें ओझें निदान वाटून तरी घेतलें जाईल, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

प्रसंग असा. आमचा एक जुना विद्यार्थी कांहीं वर्षें अमेरिकेंत नोकरी करून परत आला आहे. तिकडून त्यानें पैसा आणला, तसा एक नादही आणला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीकच्या आखातापासून केप कॉडपर्यंत, उन्हाळा आला कीं पांचसहा हौशी माणसें मिळून एक होडी तिच्या कप्तानासह दिवसभर भाड्यानें घेतात आणि अंगावर काळे पट्टे असलेल्या ‘पट्टेदार बास’ नांवाच्या माशाच्या मागें लागतात. होडीवाला जागा दाखवितो, काठ्या व आमिष पुरवितो, आणि मासा मिळो वा न मिळो, संध्याकाळीं आपलें भाडें मोजून घेतो. हाच खेळ आपल्या मुंबईंत कां खेळूं नये, असें मनांत येऊन आमच्या या शिष्योत्तमानें वरळी कोळीवाड्यांतील एका नाखव्याशीं संधान बांधलें. पावसाळा लागेपर्यंत आठवड्यांतली एक सकाळ होडी ह्यांची, असा करार ठरला. “सर, एकदां तरी चला,” हा त्याचा आग्रह दोन वर्षें चालला होता. शेवटीं आमचाच निग्रह संपला, आणि एका पहांटे धोतर सोडून विजार चढवून आम्ही बंदरावर हजर झालों.

वरळी हें मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं एक. त्याच्या उत्तरेकडील टोंकावर जुना किल्ला आहे, किल्ल्याला लागून कोळीवाडा आहे, आणि कोळीवाड्यांत गोल्फादेवीचें देऊळ आहे. तेथून समुद्राकडे पाहिलें कीं एका बाजूस २००९ सालीं खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतु दिसतो, आणि दुसऱ्या बाजूस २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुला झालेला किनारी रस्ता दिसतो. कोळ्याच्या होडीला आतां या खांबांच्या रांगांमधून वाट काढीत समुद्र गांठावा लागतो. किनारी रस्त्याच्या पुलाखालीं होड्यांसाठीं ६० मीटरांची वाट ठेवण्याचें योजिलें होतें. कोळ्यांनीं नेट धरल्यावर ती १२० मीटर करण्यांत आली. आमच्या नाखव्यानें त्या वाटेकडे बोट दाखवून, “ही आमची मागून घेतलेली खिडकी,” एवढेंच सांगितलें व इंजिनाचा वेग वाढविला. बोलण्याची त्याला फारशी हौस दिसली नाहीं.

खडकाळ भागाजवळ होडी थांबली. भरती नुकतीच सुरू झाली होती. शिष्यानें आमच्या हातीं एक लवचीक काठी दिली, तिच्या दोरीला रबराची रंगीत मासोळी बांधली, आणि ती कशी फेंकावी व कशी ओढावी हें समजावून सांगितलें. त्याबरोबर एक नियमही सांगितला, आणि तो सांगतांना त्याचा चेहरा किंचित् उजळला. “सर, आम्ही मासा मारीत नाहीं. धरतों, मापतों, छायाचित्र घेतों आणि सोडून देतों.” हें ऐकून आम्हांस फार बरें वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. आमचें घर मासे खाणारें आहे. पण स्वतःच्या हातानें जीव घेण्याचा प्रसंग आमच्यावर कधीं आला नव्हता. तो आजही येणार नाहीं, आणि खेळ मात्र पुरा होईल, हें ऐकून पापभीरु मनाला जो एक प्रकारचा आराम मिळतो तो आम्हांस मिळाला.

दीड तास कांहींच घडलें नाहीं. मग एकाएकीं काठी वांकली, चक्री किंचाळूं लागली, आणि आमच्या पन्नाशी उलटलेल्या शरीरांत कोठें दडून बसलें होतें कोण जाणे, असें एक वारें संचारलें. त्या वीस मिनिटांत आम्ही नीतिशास्त्र विसरलों, वय विसरलों, पाठीचें दुखणें विसरलों. दोरीच्या पलीकडे एक जीव आपल्या सर्व शक्तीनिशीं ओढतो आहे आणि अलीकडे आम्ही ओढतों आहों, यापलीकडे जगांत कांहीं उरलें नव्हतें. तो आनंद खोटा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. इतका निर्भेळ आनंद आम्हांस गेल्या दहा वर्षांत क्वचितच झाला असेल.

मासा वर आला तो जिताडा होता. दोन हातांहून किंचित् कमी लांब, रुपेरी अंगाचा, भरलेल्या पोटाचा. तरुण मंडळींनीं जयघोष केला. पट्टी आली, मोजमाप झालें. मग एकेकानें तो हातांत धरून छायाचित्र काढून घेतलें, आणि शेवटीं आम्हीही घेतलें. नाखवा तेवढा दूर उभा राहून माशाच्या पोटाकडे पाहत होता. “गाभोळी आहे, मास्तर,” तो म्हणाला. आम्हीं मान हलविली. त्या वेळीं त्या शब्दांचा अर्थ आमच्या कानांपर्यंत आला, पण मनापर्यंत गेला नाहीं. शिष्यानें गळ काढला. तो घशांत खोल रुतला होता, म्हणून वेळ लागला व थोडें रक्तही आलें. मग त्यानें मोठ्या प्रेमानें मासा पाण्यांत धरला आणि सोडला. जिताडा दोनतीन वाव खालीं गेला. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. थोड्या वेळानें, होडीपासून वीसेक हातांवर, तो पांढरें पोट वर करून पाण्यावर तरंगूं लागला.

नाखव्यानें कोणास विचारलें नाहीं. त्यानें होडी वळविली, हातजाळ्यानें मासा उचलून तळाशीं ठेवला, आणि मग आमच्याकडे न पाहतांच म्हणाला, “खायचा नसेल तर त्याला सतवायचा कशाला? आणि खायचा असेल तर सोडायचा कशाला?”

तेव्हांपासून तो प्रश्न आमच्या घशांत आहे.

परततांना आमच्या शिष्यानें आपल्या पक्षाचें समर्थन केलें, आणि तें अगदींच दुबळें नव्हतें. तो म्हणाला, एक मासा मेला, हें खरें. पण शंभर सोडले तर फार थोडे मरतात. अमेरिकेंत पट्टेदार बास सोडल्यावर शंभरांत सुमारें नऊ मरतात असें धरून तेथील अधिकारी हिशेब करतात. उलट कोळ्यांचें डोल जाळें पहा. भरती-ओहोटीच्या प्रवाहांत तें तोंड उघडून उभें असतें. त्यांत बोंबील येतो, जवळा येतो, आणि त्यांच्याबरोबर किती तरी जातींच्या माशांचीं कोवळीं पिलेंही येतात. त्यांतून परत कोणीच जात नाहीं. मग निर्दय कोण? शिवाय आमचा खेळ नाखव्याला भाडें मिळवून देतो, आणि ज्याला या खेळाची गोडी लागते तो समुद्राची काळजी घेऊं लागतो. लोणावळ्यास वळवणच्या तलावाशीं महसीर माशाचीं पिलें वाढवून नद्यांत सोडण्याचें काम कित्येक वर्षें चाललें आहे. महसीराची कीर्ति गळवाल्या शिकाऱ्यांनींच पसरविली नसती, तर त्याची एवढी चिंता कोणी केली असती काय?

या युक्तिवादाचा विचार करतांना प्रथम एक सोपी वाट आम्हांस दिसली. ती अशी कीं, पोटासाठीं केलेली हिंसा क्षम्य आणि खेळासाठीं केलेली अक्षम्य. मुलांचा खेळ होतो आणि बेडकांचा जीव जातो, ही म्हण याच वाटेवरची आहे. महाभारताच्या वनपर्वांत मिथिलेच्या धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नांवाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकण्यासाठीं त्याच्याकडे येतो आणि पाहतो तों हा गुरु मांसाच्या दुकानांत बसलेला! धर्मव्याध त्याला सांगतो कीं, हा माझा कुलपरंपरागत धंदा आहे. मी स्वतः प्राणी मारीत नाहीं, दुसऱ्यांनीं मारलेल्यांचें मांस विकतों. पुढें तो असेंही दाखवून देतो कीं, नांगर चालविणाराही भूमींतील असंख्य जीव मारतो, आणि पाऊल उचलणाराही मारतो. तेव्हां हिंसेपासून सर्वथैव मुक्त असा कोणी नाहीं, प्रयत्नानें ती कमी मात्र करतां येते. या कसोटीवर नाखवा धर्मव्याधाच्या बाजूस उभा राहतो आणि आम्ही व आमचा शिष्य बेडकांवर दगड मारणाऱ्या पोरांच्या बाजूस.

परंतु ही वाट थोडी पुढें गेल्यावर बंद होते. नाखव्याचें पोट मासेमारीवर आहे, हें खरें. पण आमचें पोट मासे खाण्यावर आहे काय? आमच्यासारखा पगारदार मनुष्य बाजारांतून रावसाचा तुकडा घेतो तो भुकेनें व्याकुळ होऊन घेत नाहीं. घरांत तांदूळ असतो, डाळ असते, भाजी असते. तो घेतो जिभेच्या सुखासाठीं. तेव्हां जिभेचें सुख तें पोट, आणि हाताचें सुख तो खेळ, असा भेद करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? किंबहुना गळवाला निदान आपल्या माशाचें तोंड तरी पाहतो. आम्ही तर त्याचे तुकडेच पाहतों. शाकाहारी वाचकांनीं येथें फारसें समाधान मानूं नये. ज्या समुद्रांत आपल्या शहराचें सांडपाणी जातें आणि ज्याचा कांठ बुजवून आपल्या गाड्यांसाठीं रस्ते होतात, त्या समुद्रांतील जीवांच्या मरणाचा वांटा मासे न खाणाऱ्याच्याही पदरीं येतोच. धर्मव्याधाचें बोट आपणां सर्वांकडे आहे.

मग दुसरी वाट पाहावी: माशाला दुःख होतें किंवा नाहीं? बेंथॅमनें १७८९ सालीं प्राण्यांच्या बाबतींत प्रश्न फिरवून मांडला. त्यांना बुद्धि आहे कीं नाहीं हें न पाहतां त्यांना वेदना होतात कीं नाहीं हें पहा, असें त्याचें म्हणणें होतें. कांटनें निराळा रस्ता धरला. प्राण्याशीं क्रूरपणानें वागणारा मनुष्य हळूहळू माणसांशींही क्रूर होतो, म्हणून तें वर्ज्य, असें त्यानें सांगितलें. माशाच्या बाबतींत बेंथॅमच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ दिवस ‘कोण जाणे’ असेंच होतें. २००३ सालीं लिन स्नेडन या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्या डोक्यावर व ओठांभोंवतीं वेदना ओळखणारे मज्जातंतु असल्याचें दाखविलें. ओठांत दाहक द्रव्य टोंचलें असतां ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घांसत आणि अन्नाकडे पाठ फिरवीत. माशाचा मेंदू आपल्यासारखा नाहीं, तेव्हां त्याला तें ‘जाणवतें’ असें म्हणतां येणार नाहीं, असा आक्षेप घेणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. परंतु आमच्यासारख्या व्यवहारी माणसापुढें प्रश्न असा कीं, शंका असतां तिचा फायदा कोणाला द्यावा? न्यायालयांत तो आरोपीला देतात. येथें आरोपी कोण? जिताडा तर नव्हे. शंकेचा फायदा त्याला द्यावयाचा तर त्याला ओढ लावण्याचाच विचार सोडला पाहिजे.

आणि येथें नाखव्याच्या प्रश्नाचा दुसरा कांटा टोंचतो. सोडून देणें ही दया, असें आम्ही समजत होतों. पण स्वित्झर्लंडनें २००८ च्या प्राणिरक्षणाच्या नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूनें गळ टाकण्यास मनाई केली आहे. त्यांचें तर्कशास्त्र आमच्या नाखव्याचेंच आहे: जीवाला इजा करावयाची तर त्याला सबळ कारण पाहिजे, खाणें हें कारण आहे, मौज हें कारण नाहीं. उलट अमेरिकेंत नेमकी हीच सोडून देण्याची कृति सभ्य गळवाल्याचें लक्षण मानली जाते, आणि कित्येक वेळां कायदाच ती करावयास लावतो. पट्टेदार बास १९८० च्या सुमारास इतका घटला कीं, मेरिलंड राज्यानें १९८५ पासून १९९० पर्यंत तो धरण्यास साफ बंदी केली. मासा पुन्हां वाढला. पुढें २०१९ सालीं त्याची पुन्हां अतिरिक्त मासेमारी होत असल्याचें जाहीर करावें लागलें. २०२३ पासून समुद्रांत धरलेला २८ ते ३१ इंच लांबीचा बास तेवढा घरीं नेतां येतो. त्याहून लहान अथवा मोठा असेल तर परत पाण्यांत. मोठा कां सोडावयाचा? कारण मोठ्या बासांत बहुतेक माद्या असतात, आणि जितकी मादी मोठी तितकीं तिचीं अंडीं अधिक. परंतु या नियमांतही एक विपरीत गोष्ट आहे. सोडणारांची संख्या इतकी प्रचंड कीं, कांहीं वर्षीं घरीं नेलेल्या माशांइतकेच मासे सोडल्यानंतर मेले, असा तेथील अधिकाऱ्यांचाच हिशेब आहे. उन्हानें पाणी तापलें कीं हें मरण आणखी वाढतें. म्हणजे शंभरांत नऊ हा आंकडा लहान दिसतो तो शंभर लहान आहेत म्हणून. लाखांनीं दया केली तर नऊ हजारांचा जीव जातो, आणि त्याचा दोष कोणाच्याच खातीं पडत नाहीं, कारण प्रत्येकानें आपला मासा सोडलेलाच असतो!

दोन सुधारलेल्या देशांनीं एकाच कृतीला एकीकडे गुन्हा व दुसरीकडे सदाचार ठरवावें, हें पाहून आरंभीं आम्ही गोंधळलों. मग असें दिसलें कीं, स्वित्झर्लंड एका माशाकडे पाहतो आणि अमेरिका माशांच्या जातीकडे पाहते. एकाची दृष्टि वेदनेवर आहे, दुसऱ्याची वंशावर. दोन्ही दृष्टि खऱ्या आहेत, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. या दोहोंची सांगड कोणीं घातली आहे काय, याचा शोध करतांना आम्हांस पुन्हां महाभारताकडेच वळावें लागलें.

आदिपर्वांतील पंडुराजाची कथा सर्वांस ठाऊक आहे; पण तींतील एक बारकावा आम्हीं स्वतः तीस वर्षें वाचून न वाचल्यासारखा केला होता. मृगाचें रूप घेऊन आपल्या सहचरीसह रममाण झालेल्या किंदम ऋषीवर पंडूनें बाण सोडला. पंडु आपला बचाव करतो कीं, राजांनीं मृगया करणें ही चालत आलेली रीत आहे. आणि किंदम काय उत्तर देतो? तूं मृग मारलास याबद्दल मी तुला दोष देत नाहीं, असें तो म्हणतो. दोष आहे तो वेळेचा. जीव जेथें नवा जीव निर्माण करण्यांत गुंतला आहे, त्या क्षणीं तूं हात आवरावयास हवा होतास. थोडें थांबावयास हवें होतें. ज्याला स्वतःचा प्राण जातांना मृगयेचा सरसकट निषेध करण्याचा पूर्ण हक्क होता, त्यानें तो केला नाहीं. त्यानें केवळ मर्यादेचा प्रश्न विचारला. पंडूला जो शाप मिळाला तो मृगयेबद्दल नाहीं, न थांबल्याबद्दल आहे.

ही गोष्ट आठवली आणि “गाभोळी आहे, मास्तर” हे शब्द आम्हांस खऱ्या अर्थानें ऐकूं आले. जिताड्याचा जन्मक्रम मोठा विलक्षण आहे. तो बहुधा नर म्हणून वाढीस लागतो आणि कांहीं वर्षांनीं, अंगानें मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे छायाचित्रांत शोभून दिसणारा मोठा जिताडा ही बहुतेक वेळां आईच असते. पावसाळा आला कीं खाडीच्या व नदीच्या मुखाशीं तिचीं अंडीं पडतात, आणि पिलें भरतीबरोबर आंत खाडींत शिरतात. आम्हीं जिला ओढून काढलें ती याच कामाच्या तयारींत होती. आमच्या हातीं काठी नव्हती तर पंडूचा बाण होता, आणि पंडूला निदान तें मृग ऋषि आहे हें ठाऊक नव्हतें. आम्हांस तर नाखव्यानें स्पष्ट सांगितलें होतें.

किंदमाचें हें म्हणणें कोळ्यांना पोथी न वाचतां कळलेलें आहे. पावसाळ्यांत होड्या ओढून घ्यावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावांचून त्या पुन्हां लोटावयाच्या नाहींत, ही त्यांची जुनी चाल. तींत खवळलेल्या समुद्राचें भय आहे, पण त्या भयाच्या आश्रयानें माशांच्या विणीलाही विसांवा मिळतो. आतां सरकारचाही नियम आहे: पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. २०२३ सालीं महाराष्ट्रानें ५४ जातींच्या समुद्री जीवांची किमान लांबी ठरवून त्याहून लहान असलेले पकडण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षीं पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. हे सर्व नियम पाळलेच जातात असें नव्हे. डोल जाळ्याविषयीं शिष्यानें काढलेला मुद्दा खोडून काढतां येण्याजोगा नाहीं. पण नियम मोडणारा कोळी आपण नियम मोडीत आहों हें जाणतो. आम्ही मात्र मासा मारून, आपण तो सोडला, असें समजत होतों. जाणून केलेल्या चुकीला पश्चात्तापाची वाट मोकळी असते. दयेच्या नांवाखालीं केलेल्या चुकीला तीही नसते.

मग आमचा निर्णय काय? गळ टाकण्याचा आनंद हेंच पाप, असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्या वीस मिनिटांत जें वारें आमच्या अंगांत संचारलें तें माणसाच्या जातीइतकें जुनें आहे, आणि त्याला केवळ दुष्टपणा म्हणणें हा ढोंगीपणा होईल. परंतु आनंद हें कारण होऊं शकत नाहीं. तो कारणाच्या मागून आला तर शोभतो. घरीं खाण्यासाठीं एक मासा हवा म्हणून गळ टाकला, आणि तो धरतांना आनंद झाला, यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. आनंद हवा म्हणून मासा वेठीस धरला, आणि मग तो नको म्हणून फेंकून दिला, यांत दिसतो. एक मासा घेऊन काठी आवरणारा मनुष्य, वीस मासे सोडून स्वतःला दयाळू म्हणविणाऱ्यापेक्षां धर्माच्या अधिक जवळ आहे, असें आमचें मत झालें आहे. पहिल्यानें एक मरण आपल्या खातीं मांडून घेतलेलें असतें. दुसऱ्यानें खातेंच ठेविलेलें नसतें.

यावर एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतों. सर्वांनींच एकेक मासा खाण्यासाठीं घ्यावयाचें ठरविलें तर समुद्र पुरेल काय? पुरणार नाहीं. म्हणून तर किंदमाची अट सोडतां येत नाहीं: विणीच्या वेळीं नको, आईचा जीव नको, आणि जेथें मासाच कमी उरला असेल तेथें मुळींच नको. लहान निघाला तर सोडावाच लागेल. पण सोडणें ही तेथें चुकीची दुरुस्ती होय, खेळाची शोभा नव्हे.

त्या दिवशींचा जिताडा नाखव्यानें बंदरावरच कापला. अर्धा त्यानें ठेवला आणि अर्धा, गाभोळीसकट, आमच्या हातीं दिला. “पहिला मासा मास्तरांचा,” असें तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. घरीं गाभोळी तळली गेली. मुलांनीं तिची तारीफ केली. आम्हीही खाल्ली, आणि ती चवदार लागली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या कुटुंबानें मासा कोठून आला असें विचारलें तेव्हां “वरळीहून” एवढेंच उत्तर आम्हीं दिलें. इतके दिवस बाजारांतून आणलेल्या माशाबद्दल हाच प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता, आणि आम्हींही कोणास विचारला नव्हता.

नारळी पौर्णिमा झाल्यावर शिष्याचें पुन्हां बोलावणें आलें. आम्हीं त्याला तीन अटी लिहून पाठविल्या. पहिली अशी कीं, घरीं खाण्याजोगा पहिला मासा मिळाला कीं काठ्या आवरावयाच्या. मग सूर्य कितीही कोंवळा असो. दुसरी अशी कीं, फार मोठा मासा लागला तर त्याला वर न काढतां पाण्याजवळच मोकळा करावयाचा. छायाचित्र नको, जयघोष नको. तिसरी अशी कीं, तासाभरांत परत आलों तरी नाखव्याला सबंध सकाळचें भाडें द्यावयाचें.

त्याचें उत्तर लगेच आलें. तिसरी अट त्याला तत्काळ मान्य होती. दुसरीही त्यानें कुरकुरत मान्य केली. पहिलीविषयीं मात्र त्यानें विचारलें, “पण सर, मग मजा ती काय राहिली?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं. काठी आमच्या अभ्यासिकेच्या कोपऱ्यांत उभी आहे. तिच्याकडे पाहिलें कीं हात शिवशिवतात, हेंही खरें आहे. पुढच्या रविवारीं पहांटे आम्ही वरळीस जाणार आहों. मजा किती राहते तें तेथेंच कळेल. आणि मासा किती राहतो, हें नाखव्याला विचारूं.